शहर कमिटीत पद मिळालं, आता काम कुठून सुरू करायचं

मागच्या महिन्यात आमच्या शहर कमिटीत काही नवीन पोरं घेतली. नियुक्तीपत्र, हार, फोटो सगळं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाचा फोन आला, दादा आता मी नेमकं करायचं काय? मला त्या प्रश्नाचं खूप बरं वाटलं, कारण बहुतेक जण तो विचारतच नाहीत, लेटरहेड छापून घेतात, स्टेटसला फोटो ठेवतात आणि निवडणूक लागेपर्यंत फक्त वाढदिवस आणि उद्घाटनं करत फिरतात. मी एका ब वर्ग नगरपरिषदेच्या गावात बरीच वर्षं पक्षाचं काम करतोय, पक्ष कुठला ते इथे सांगत नाही कारण खाली जे लिहिलंय ते कुठल्याही झेंड्याखाली तेवढंच खरं आहे. त्याला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं सोपं आहे, गावच्या आणि राज्याच्या कारभारात कमिटीचा शब्द चालतो तो तारखा पाळल्याने आणि कागद सांभाळल्याने, भाषणाने नाही.

आधी आपण कुठे बसतो ते समजून घ्या. प्रत्येक पक्षाची उतरंड वेगळी असते, कुठे गटप्रमुख, शाखाप्रमुख, शहरप्रमुख असतात, कुठे बूथप्रमुख, शक्तीकेंद्र आणि मंडल अध्यक्ष, कुठे ब्लॉक कमिटी आणि त्याच्या वर जिल्हा आणि प्रदेश. नावं काहीही असू द्या, पक्षाची घटना मिळवा आणि वाचा. नोंदणीकृत पक्षाला लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम २९अ प्रमाणे स्वतःची घटना निवडणूक आयोगाकडे द्यावीच लागते, म्हणजे ती गुपित गोष्ट नाही. त्यात तुमच्या कमिटीची मुदत किती, बैठक किती दिवसांनी, ठराव वर कोणाकडे पाठवायचा हे सगळं लिहिलेलं असतं. मी पहिली पाच वर्षं ती वाचलीच नव्हती आणि त्यामुळे आम्ही बैठका घ्यायचो पण ठराव लिहायचो नाही, तोंडी बोलून चहा पिऊन उठायचो, मग वरचे साहेब विचारायचे तुमच्या शहराची मागणी काय आणि आम्ही चार जण चार मागण्या सांगायचो. आणि हो, सरकारी नोकरीत असाल तर पद घेऊच नका, सेवेच्या नियमात ते बसत नाही, उगाच नोकरी अडचणीत येईल.

आता सगळ्यात मोठं काम, मतदार यादी. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण याच कामाला सगळ्यात कमी माणसं मिळतात.

नगरपरिषदेच्या निवडणुकीला वेगळी मतदार यादी बनत नाही. विधानसभेची जी यादी असते तीच राज्य निवडणूक आयोग एका ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागाप्रमाणे तिचे तुकडे करतो. २ डिसेंबर २०२५ला ज्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं मतदान झालं (काही ठिकाणी २० डिसेंबरला झालं, मोजणी २१ला) त्यासाठी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जी माणसं आमच्याकडे धावत आली की आमचं नाव घाला, त्यांना आम्ही काहीच देऊ शकलो नाही, हात जोडून सांगावं लागलं की आता पुढच्या वेळी. त्यामुळे नाव घालायचं काम निवडणूक लागल्यावर करायचं नसतं, बारा महिने करायचं असतं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा असतात, त्या तारखेला जो अठरा वर्षांचा होतो तो त्या त्या वेळी नाव घालू शकतो, पूर्वीसारखं वर्षभर थांबायला नको. नवीन नावासाठी फॉर्म ६, मयत किंवा कायमचं गाव सोडून गेलेल्याच्या नावावर हरकत घ्यायला फॉर्म ७, पत्ता बदल, फोटो, नावातली चूक यासाठी फॉर्म ८. हे तीन आकडे पाठ करा.

आणि बूथ लेव्हल एजंट (बीएलए) नेमा, म्हणजे कागदावर नाही, खरोखर. सरकारकडून प्रत्येक यादी भागाला बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) असतो, बऱ्याचदा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई, आणि मान्यताप्राप्त पक्षाला त्याच्यासोबत आपला बीएलए देता येतो. बहुतेक ठिकाणी हे नाव शहराध्यक्ष घाईघाईत भरतो आणि त्या माणसाला स्वतःलाच माहीत नसतं की आपण बीएलए आहोत. चांगला बीएलए म्हणजे त्या गल्लीत राहणारा, संध्याकाळी ओट्यावर बसणारा, कोणाची सून कुठून आली आणि कोणाचा पोरगा पुण्याला गेला हे ज्याला माहीत आहे असा माणूस, आणि माझा अनुभव असा की बाई असेल तर काम दुप्पट होतं कारण तिला घरात आतपर्यंत बोलावतात, माझ्यासारख्याला दारातूनच उत्तर मिळतं. यादी घेऊन घरोघर जा, पेनाने खुणा करा. एका गल्लीला दोन रविवार पुरतात.

इथे एक गोष्ट मनात कायमची बसलीय ती सांगतो. एका निवडणुकीत आमच्या ओढ्याच्या अलीकडची एक वस्ती, भाड्याने राहणारी गरीब माणसं, यादी फोडताना ओढ्याच्या पलीकडच्या प्रभागात गेली. प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागली, हरकतीची मुदत जेमतेम आठवड्याभराची होती, आमच्यातल्या कोणीही ती यादी नगरपरिषदेत जाऊन बघितली नाही कारण सगळे तिकिटाच्या मागे होते. मतदानाच्या दिवशी ती माणसं नेहमीच्या शाळेत आली, तिथे नाव नाही, मग दुसऱ्या शाळेत जायला सांगितलं, लहान पोरं कडेवर घेऊन काही जणी गेल्या आणि बाकीच्या घरी परत गेल्या. त्या बायांना तोंड दाखवायची मला लाज वाटली, कारण ती चूक दुरुस्त करायला एक साधा हरकतीचा अर्ज पुरला असता. प्रभागाच्या प्रारूप यादीवर नवीन नाव घालता येत नाही हे लक्षात ठेवा, पण चुकीच्या प्रभागात गेलेली नावं आणि लिहिण्यातल्या चुका नक्की दुरुस्त होतात. त्या आठवड्यात कमिटीतल्या निम्म्या लोकांनी दुसरं काहीही करू नये.

असंच प्रभाग रचनेचं. प्रारूप रचना नकाशासकट लागते, हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते आणि मग अंतिम होते. हरकत लिहिताना "आमच्या पक्षावर अन्याय झाला" असं लिहू नका, त्याला काही किंमत नसते. नाला, रस्ता, रेल्वे लाईन अशी नैसर्गिक हद्द कुठे सोडली, एकच वस्ती दोन प्रभागांत कुठे फोडली, लोकसंख्येचा आकडा कुठे जुळत नाही हे लिहा आणि नकाशावर लाल पेनाने दाखवा. सुनावणीला स्वतः हजर राहा, बोलायला दोन मिनिटं मिळतात, पाठ करून जा. नंतर आरक्षणाची सोडत. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, तरी दर वेळी सोडतीनंतर आमच्यात गडबड उडते की आता बाई कुठून आणायची, आणि मग कोणाची तरी पत्नी उभी राहते आणि निवडून आल्यावर बैठकीला पती जातात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. निम्म्या जागा महिलांच्या असणार हे आधीपासून माहीत आहे ना, मग कमिटीत आजच निम्म्या महिला घ्या, त्यांना विषयपत्रिका वाचायला द्या, निवेदन घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे त्यांनाच पाठवा, तीन वर्षांनी तुमच्याकडे आपोआप उमेदवार तयार असतील.

निवडणूक झाली, आपले काही नगरसेवक आले, की बरेच शहराध्यक्ष समजतात आता काम संपलं. खरं तर कमिटीचं नगरपरिषदेतलं काम इथून सुरू होतं. निवडून आलेल्यांचा गट जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवावा लागतो (महानगरपालिकेत विभागीय आयुक्तांकडे), त्यात गटनेता ठरतो, आणि १९८६च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याप्रमाणे व्हीप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. विषय समित्यांवर, म्हणजे पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण वगैरे, पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे नावं जातात. कोण कुठल्या समितीवर जाणार हे कमिटीत बसून ठरवा, नाहीतर सगळ्यांना बांधकाम पाहिजे असतं आणि पाणीपुरवठा कोणी घेत नाही, आणि लोकांचे सगळ्यात जास्त फोन तर पाण्याचेच असतात. स्वीकृत नगरसेवकाचं, म्हणजे निवडून न येता नेमल्या जाणाऱ्या सदस्याचं, नावही असंच संख्याबळावर जातं. त्याला सभेत बोलता येतं पण मत देता येत नाही, आणि ती जागा नगरपालिकेच्या कामाचं ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसासाठी आहे, म्हणून नाराजाची समजूत काढायला ती वापरू नका. एखादा निवृत्त इंजिनिअर किंवा निवृत्त मुख्याधिकारी तिथे बसवला तर सगळ्या गटाला शहाणपण येतं, आमच्याकडे एकदा असं झालं आणि त्या वर्षी आमच्या पोरांना टेंडर वाचता यायला लागलं.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका नगरसेवकाला आधी मिळते. ती मिळाली की दोन दिवसांत कमिटीची आणि नगरसेवकांची एकत्र बैठक लावा, विषय एक एक करून वाचा, कोण कुठल्या विषयावर बोलणार ते वाटून घ्या. ऐनवेळच्या, म्हणजे पत्रिकेत नसलेल्या विषयांवर खास लक्ष ठेवा, बरेच वादाचे विषय तिथूनच येतात. विरोध असेल तर तो इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) नोंदवून घ्यायला सांगा, सभेत कितीही मोठ्याने ओरडलं आणि इतिवृत्तात नाव आलं नाही तर पुढे त्याला काही अर्थ राहत नाही. एखादा ठराव खरोखर बेकायदेशीर किंवा लोकांच्या हिताविरुद्ध वाटला तर १९६५च्या नगरपरिषदा कायद्याच्या कलम ३०८खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तो स्थगित करायची मागणी करता येते. पण दर महिन्याला ३०८ टाकू नका, मग तुमचा कागद कोणी वाचतच नाही. सत्तेत असाल तेव्हाही कमिटीने आपल्याच नगराध्यक्षाला प्रश्न विचारले पाहिजेत, बंद खोलीत पण विचारले पाहिजेत. आता नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो, त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं होऊ शकतं, तेव्हा कमिटीचं काम जास्त नाजूक होतं, प्रत्येक विषय अडवला तर गाव थांबतं आणि त्याचा राग लोक सगळ्यांवर काढतात.

बजेटचा विषय थोडक्यात. फेब्रुवारीत बजेटची सभा असते, मागणी तिच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही, दिवाळीनंतर लगेच प्रत्येक प्रभागातून तीन-तीन कामं मागवा, अंदाजे लांबी, जागा, फोटोसकट, आणि डिसेंबरात मुख्याधिकाऱ्यांना आणि गटनेत्याला द्या. मागच्या बजेटमधलं किती खर्च झालं ते आधी विचारा, तो आकडा बघितल्यावर अर्ध्या चर्चा आपोआप खऱ्या होतात.

निवेदन कसं द्यायचं हे पण सांगतो कारण त्यात सगळे चुकतात. एका निवेदनात एकच विषय. वर तारीख, कोणाला, विषय, मग काय झालं, कुठे झालं, कधीपासून, आमची मागणी काय, किती दिवसांत. फोटो काढा जरूर पण त्याआधी आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या, पोच नसलेलं निवेदन म्हणजे दिलेलंच नाही असं समजा. पंधरा दिवसांनी त्याच आवक नंबरने विचारायला जा. तरी उत्तर नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि लोकशाही दिन विसरू नका, तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी असतो, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात. मोर्चा शेवटी, या सगळ्याची फाईल हातात असताना काढलेला मोर्चा वेगळाच असतो, कारण समोरचा अधिकारी म्हणूच शकत नाही की मला माहीत नव्हतं.

आता गावातून राज्यापर्यंत कसं जायचं. लोकांना वाटतं मुंबईला जाऊन मंत्र्यांना भेटलं की काम होतं, मी पण असा तीनदा रात्रीच्या एसटीने जाऊन मंत्रालयात निवेदन देऊन आलोय आणि तिन्ही निवेदनं फिरून फिरून शेवटी आमच्याच नगरपरिषदेकडे "उचित कार्यवाहीसाठी" आली. ते बघून मी शिकलो की आधी पैसा कुठून येतो ते कळलं पाहिजे. गावातला मोठा रस्ता, पाण्याची टाकी, भुयारी गटार हे नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून क्वचितच होतं, ते सरकारी योजनांतून, म्हणजे नगरोत्थानमधून, वैशिष्ट्यपूर्ण योजनेतून, अमृतमधून, दलित वस्ती सुधार योजनेतून नाहीतर जिल्हा नियोजन समितीतून येतं. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी, आणि त्या समितीतले किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेल्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. म्हणजे तुमच्या नगरसेवकाला त्या निवडीत मत आहे, कधी समितीत जागाही मिळू शकते. पुढच्या वर्षाचा आराखडा डिसेंबर-जानेवारीत पक्का होत जातो, मागणी त्याच्या आधी नगरपरिषदेच्या ठरावासकट गेली पाहिजे. ठराव नसलेली मागणी म्हणजे नुसती इच्छा.

दुसरा रस्ता विधिमंडळाचा. वर्षात तीन अधिवेशनं, मार्चच्या आसपास बजेटचं आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. आमदारांच्या हातात तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा अशी सभागृहात सरकारसमोर विषय मांडायची हत्यारं असतात, पण आमदाराकडे दिवसाला शंभर माणसं येतात, त्याला तुमच्या पाईपलाईनचा तपशील लक्षात राहणार नाही. तो तपशील तयार करून देणं हे कमिटीचं काम. आमच्या गावच्या पाण्याच्या योजनेचं काम रखडलं होतं, तेव्हा आम्ही एका पानावर सगळं लिहिलं, मंजुरीचा शासन निर्णय नंबर आणि तारीख, कामाचा आदेश कधी, मुदत कधी संपली, किती बिल दिलं, किती पाईप टाकले, आणि अधिवेशनाच्या बरंच आधी आमदारांच्या पीएला नेऊन दिलं, कारण प्रश्नांची सूचना खूप आधी द्यावी लागते. त्याचा प्रश्न झाला, सरकारचं लेखी उत्तर आलं आणि त्या उत्तरात काम पुरं करायची तारीख होती. ते उत्तर हातात घेऊन आम्ही मग प्रत्येक बैठकीत बसलो. तो आमदार आमच्या पक्षाचा नव्हता हे पण सांगून ठेवतो, आम्ही गेलो, त्यांनी घेतलं, दोन्ही बाजूंनी कोणाचं काही बिघडलं नाही.

अजून एक गोष्ट जी नवीन कार्यकर्त्यांना माहीतच नसते. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडल्या जातात, तिथे मतदार म्हणजे तुमचे नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य, म्हणजे गावच्या छोट्या प्रभागातला निकाल थेट मुंबईतल्या सभागृहापर्यंत पोचतो. शिवाय ७ शिक्षक आणि ७ पदवीधर. पदवीधरची मतदार यादी दर वेळी नव्याने बनते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून आता असेलच असं अजिबात नाही, फॉर्म १८ पुन्हा भरावा लागतो, पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर आणि त्याच्या किमान तीन वर्षं आधी पदवी झालेली पाहिजे. एका गावात हजारो पदवीधर असतात आणि यादीत थोडेच येतात. जी कमिटी सप्टेंबरपासून डिग्रीच्या झेरॉक्स गोळा करते तिचा फोन प्रदेशाचे नेते स्वतः उचलतात.

आणि खालची माणसं वर गेल्यावर काय होतं त्याचं उदाहरण डोळ्यासमोर आहेच. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. देवेंद्र फडणवीस नागपूरचे नगरसेवक आणि महापौर, एकनाथ शिंदे ठाण्याचे नगरसेवक, आणि हे तिघं पुढे मुख्यमंत्री झाले. आर. आर. आबा सांगली जिल्हा परिषदेत बरीच वर्षं सदस्य होते, ग्रामविकास मंत्री झाल्यावर त्यांनीच २०००च्या सुमारास संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान आणलं, गावचा उकिरडा आणि गावचं राजकारण दोन्ही जवळून बघितलेल्या माणसालाच ते सुचतं.

तिकिटाबद्दल फार लिहीत नाही. शिफारस करताना कमिटीने इच्छुकांची कागदं आधी तपासावीत, कराची थकबाकी, जात वैधता, दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट, घरात शौचालय असल्याचा कागद, आणि एबी फॉर्म (पक्षाने उमेदवारी दिल्याचा कागद) शेवटच्या दिवशी दुपारी ३च्या आत पोचतोय ना ते बघायला एक शांत डोक्याचा माणूस फक्त त्याच कामावर ठेवावा. हरलेल्या उमेदवारालाही खर्चाचा हिशोब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो, तो राहून जातो आणि माणूस अपात्र ठरू शकतो, ते कमिटीने आठवण करून भरून घ्यावं. पैशाचं पण असंच, वर्गणी घेताना पावती द्या, दोन हजारांच्या वर रोख घेऊच नका, कायद्यात ते बसत नाही आणि गावात तर चार आण्याची गोष्ट चार रुपयांची होते.

हे सगळं एका माणसाच्याने होत नाही. म्हणून एक रजिस्टर करा, साधं दोनशे पानी, त्यात बैठकीची तारीख, कोण आलं, काय ठराव झाला, कुठलं निवेदन कुठल्या आवक नंबरने गेलं आणि पुढे काय झालं. अध्यक्ष बदलला की रजिस्टर नवीन अध्यक्षाला द्या. आमच्याकडे दोनदा अध्यक्ष बदलताना फाईल घरी राहिली आणि दोन्ही वेळा आम्ही त्याच नाल्याची मागणी नव्याने पहिल्यापासून सुरू केली.

त्या फोनवाल्या पोराला मी सध्या बाकी काही सांगितलेलं नाही. त्याच्या गल्लीची यादी प्रिंट काढून दिलीय, त्याच्यासोबत तिथल्याच एक ताई आहेत, आणि एका रविवारात अर्धी गल्ली झालीय. सात माणसं वारलेली आणि यादीत अजून आहेत, तीन सुनांची नावं माहेरच्या गावात, आणि एक म्हातारे काका ज्यांचं नाव मागच्या वेळी कुठेच सापडलं नव्हतं ते शेजारच्या भागात, आडनावातल्या एका अक्षराच्या चुकीसकट मिळाले. फॉर्म ८ त्यांच्या सहीने काल भरला. पुढच्या रविवारी उरलेली अर्धी.